लाल दोऱ्याचे दोन टाके

साडीची सुलटी बाजू मी फार कमी पाहिली. सुरतेत इतकी वर्षं साड्यांमध्ये गेली, पण ती सगळी उलट्या बाजूनं. सुलट्या बाजूला मोर असतो, कोयरी असते. उलट्या बाजूला त्याच मोराचे धागे सैल पडलेले असतात, एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत ओढत नेलेले. ते मधले धागे कातरायचे, हे माझं काम. तिकडे त्याला धागा कटिंग म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मागावर बुट्टी विणताना जास्तीचा धागा घालतात. बुट्टी संपली तरी तो धागा तुटत नाही, पाठीमागून तसाच पुढच्या बुट्टीपर्यंत जातो. तो राहू दिला तर नेसणारीच्या जोडव्यात अडकतो. फार मुळाशी कापला तर दोन धुण्यांत मोराचं तोंड निघून येतं. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं टोक ठेवायचं. मापायला काही नसतं. हाताला कळावं लागतं, आणि कळायला एक पावसाळा जातो.

मी डावखुरी. चौथीपर्यंत शाळेत होते, तिथं गुरुजींनी छडी मारून माझं लिहिणं उजव्या हातात आणलं. कातर मात्र कुणी बदलायला आलं नाही. ती डाव्याच हातात राहिली.

आमची चाळ बमरोलीत. एका ओळीत खोल्या, पुढे लांब ओटा. दुपारी सगळ्या बायका ओट्यावर साड्या मांडीवर घेऊन बसायच्या. चारी बाजूंनी लूमची खटखट. ती इतकी सारखी असते की काही दिवसांनी ऐकूच येत नाही. वीज गेली की मात्र कानात पोकळी व्हायची, आणि सगळ्या जणी एकदम मान वर करून बघायच्या, जणू कुणी हाक मारली. कातरलेले धागे हवेत तरंगत राहायचे. उन्हाच्या पट्ट्यात निळे, गुलाबी, जांभळे. केसांवर, पापण्यांवर, उघड्या पाण्याच्या हंड्यावर हळूहळू बसायचे. डोळे कापडावर असायचे आणि मन कुठं असायचं ते सांगता येत नाही. मला पुष्कळदा वाटायचं की मी त्या कापडावरून अनवाणी चालले आहे. पायाखाली मऊ आहे, बुट्ट्या झाडांसारख्या ओळीनं उभ्या आहेत, आणि त्या शेताला बांध नाही. सहा वार कधी संपले ते कळायचं नाही. मला बोलायला आवडत नसे, आणि हे काम न बोलण्याचं होतं. देवानं बरोबर माणसाला बरोबर काम दिलं, असं मी मनात म्हणायची.

माल आणायचे रसिककाका. कारखान्यातले जुने माणूस, डोक्यावर काळी टोपी, लुनावर पुढे-मागे गठ्ठे बांधलेले. गठ्ठ्यावर गुजरातीत चिठ्ठी असायची, कुठल्या बाईला किती नग, कुठल्या तारखेला. कोणाचं काम कोणतं ते कळावं म्हणून प्रत्येकीनं साडीच्या कोपऱ्यात काठाला आपल्या रंगाचे दोन टाके घालायचे. माझे हिरवे. शेजारच्या कमलचे लाल. टोकाच्या खोलीतल्या अंजनाबाईंचे पिवळे. साडीत काही बिघडलं तर काका टाके बघून हाक मारायचे, "आ पीळी कोण छे?" आणि अंजनाबाई तोंडात मिश्री तशीच ठेवून अहिराणीत म्हणायच्या, "पिवळी मी शे. बोला, काय गुन्हा व्हयना?"

आमच्यात एक रीत होती. ती पुरुषांना ठाऊक नव्हती, काकांनाही नाही, असं आम्हाला वाटायचं. कुणी बाळंतपणाला गेली, आजारी पडली, की तिचा गठ्ठा बंद होऊ द्यायचा नाही. एकदा बंद झाला की तो दुसऱ्या गल्लीत जातो आणि परत येत नाही. म्हणून तिच्या नावावर येणारा माल बाकीच्यांनी पाळीपाळीनं कातरायचा आणि टाके तिच्या रंगाचे घालायचे. तयार साड्या तिच्याच घरात ठेवायच्या, म्हणजे काकांना तिथून उचलता येतील.

कमल पहिल्या बाळंतपणाला अमळनेरकडे माहेरी गेली. काका दारात आले की विचारायचे, "कमलबेन क्यां?" अंजनाबाई सांगायच्या, "नळावर गेली." पुढच्या खेपेला, "नळावर." त्याच्या पुढच्या खेपेला काकांनीच विचारलं, "नळ पर?" आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. अशी कमल महिनाभर नळावर होती.

महिना भरत आला त्या आठवड्याची पाळी माझी होती. मोरपिशी साड्या होत्या, बारीक कोयरीच्या, फार सुंदर. मी एकटीनं सगळ्या कातरल्या, लाल दोऱ्याचे टाके घातले, घड्या करून कमलच्या खोलीत फळीवर ठेवल्या. तिचा नवरा भिका रातपाळीला लूम चालवायचा आणि दिवसा झोपायचा. त्याला घरात साड्या येतात-जातात एवढंच माहीत. टाके कोण घालतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. मला तो वहिनी म्हणायचा. कमलची आठवण आली की भाकरीबरोबर ठेचा मागायला यायचा आणि दाराबाहेरच उभा राहायचा. माझ्यासारखाच, बोलायला कमी.

प्लेगच्या साथीनंतरची ती वर्षं. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कुठल्या गोदामातून साड्या चोरीला गेल्या होत्या म्हणे. आम्हाला ते नंतर कळलं. आधी जीप दिसली. दुपारची वेळ, आम्ही ओट्यावर. आजही ते आठवतं तेव्हा त्याला आवाज नसतो. खाकी कपडे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, अंजनाबाईंचा बाजरीचा डबा पालथा होतो, काठीच्या टोकानं साड्या उचलल्या जातात आणि घड्या मोडत जमिनीवर पडतात. कुणी चप्पल काढली नाही. देव्हाऱ्याशेजारीही नाही. चाळीत होते तेवढे पुरुष, रातपाळीचे, झोपेतून उठवून बाहेर उन्हात उकिडवे बसवले.

मग आवाज येतो, तो हवालदाराचा. कमलच्या दारातून. "आ कोनुं घर छे?"

भिका बनियनवर उभा राहिला. म्हणाला, "माझं."

"माल?"

"बायको कटिंग करते, साहेब."

"बोलाव."

"माहेरी गेली आहे. महिना झाला."

हवालदारानं गठ्ठ्यावरची चिठ्ठी बरोबरच्या फौजदार साहेबांना दिली. साहेबांनी ती वाचली आणि हसले. चिठ्ठीवर तारीख पाच दिवसांपूर्वीची होती आणि नाव कमलचं. साडीच्या कोपऱ्यात तिचे लाल टाकेही होते. "बायको महिनाभर नाही, आणि पाच दिवसांपूर्वीचं काम करून गेली? चोरीच्या मालाला खूण लावून मजुरीवर आलेला माल दाखवतोस?"

भिका चिठ्ठीकडे बघत राहिला. त्याला गुजराती वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. त्याला ठाऊकच नव्हतं. ते टाके माझे, असं चाळीत एकाच माणसाला सांगता येत होतं. ती मी, शेजारच्या दारात, हातात कातर धरून उभी.

भिकाला जीपमध्ये बसवलं. त्याला कुठं नेता, असं ओरडत अंजनाबाई जीपमागे धावल्या. "अरे, त्याले कथा लई चालनात? रातपाळी करीसन उना तो! तो काय चोर शे का?"

साड्याही जीपमध्ये गेल्या.

संध्याकाळी आमचे हे कामावरून आले. मी सगळं सांगितलं, टाक्यांचंही. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आपण इथं पोट भरायला आलोय. तू चौकीत जाऊन नाव सांगशील, मग ते माझं विचारतील. जाऊ नको. भिकाचा शेठ सोडवेल त्याला." ते भ्याले होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिलं होतं त्यावरून बोलले.

शेठनं सोडवलं नाही. आपल्या कारखान्यात पोलीस नकोत म्हणून त्याच्याकडेच कामाला असलेल्या रसिककाकांनाही त्यानं आमच्या गल्लीत जायला मनाई केली. त्याच रात्री अंजनाबाई चौकीत जाऊन आल्या. तिथं त्यांना सांगितलं, भिका नावाचा माणूस इथं आणलेलाच नाही. वहीत नाव नव्हतं.

"वहीत नाही आणि मजार कोठडीत शे," त्या म्हणाल्या. "मी तेना खोकला आयका. त्याच्या खोकल्याचा आवाज मला ठाऊक नाही का? भिंतीला भिंत लागून आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेल्यावर मी निघाले. हातात रिकामी पिशवी घेतली, भाजीला चालले असं दिसावं म्हणून. चौकीसमोर रस्त्याच्या पलीकडे एक बदामाचं झाड होतं. त्याखाली बसले. आत गेल्यावर काय म्हणायचं, ते मी मनात जुळवत होते. साहेब, ती खूण मी घातली. साहेब, कमल माझी शेजारीण. साहेब. एवढ्यावर येऊन पुन्हा पहिल्यापासून जुळवायची. कापडावर चालावं तसं मन पुन्हा कुठेतरी निघून जायचं. झाडाचं एक मोठं लाल पान माझ्या पदरावर पडलं, मी ते हातात घेऊन त्याच्या शिरा बघत बसले. चौकीच्या दारातून माणसं आत जायची, बाहेर यायची. जणू ते सगळं पाण्याच्या तळाशी चाललं होतं आणि मी काठावर होते. चार वाजता नळाला पाणी येतं म्हणून मी उठले आणि घरी आले.

त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. तेच झाड, तीच पिशवी. चारला उठले.

अंजनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "दोन दिवस भाजी आणायला जाऊ ऱ्हायनी, आणि भाजी काही दिसत नाही."

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"मुकी शे का व तू? तुले माहीत आहे ना ते टाके कोणाचे? मग जाय ना मजार! मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी खोटं बोलते. माझ्या हातानं तसं काम होतच नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या फोन बूथवाला गल्लीत आला. "भिकाभाई! अमळनेरथी फोन छे!" कुणीच हललं नाही. बूथवाला पुन्हा ओरडला. मग माझे पाय आपोआप निघाले. फोनमध्ये आधी खरखर, मग कमलचा आवाज, लांबून, विहिरीतून आल्यासारखा.

"ताई? तू शे का? पोर व्हयनी व! गोरी शे. कथा शेतस ते?"

मी म्हणाले, "झोपलेत."

"उठाड ना तेस्ले."

"रातपाळी झाली. मी सांगते उठल्यावर."

"सांग हां. लगेच सांग." ती हसत होती. "नाव तेस्नी ठेवानं म्हणा."

फोन ठेवला. बूथच्या काचेत माझं तोंड दिसत होतं, केसांत निळा धागा अडकलेला. मी कमलला सांगते म्हटलं होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते, आणि ते खरं करायला एकच जागा होती.

झाडाखाली थांबले नाही. थांबले असते तर बसले असते. अंजनाबाई बरोबर आल्या, पण दाराशी त्यांनाच अडवलं, कारण त्यांचं तोंड चौकीला माहीत झालं होतं. मला कुणी अडवलं नाही. मी आत साहेबांच्या टेबलापर्यंत गेले.

"शुं काम छे, बेन?"

जुळवलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं, "भिका भाऊंना मुलगी झाली."

सगळे हसले. एक जण पेढे मागत म्हणाला, "पेंडा क्यां?" साहेबही हसले.

हसू थांबायच्या आत मी पुढचं बोलले. थांबले असते तर बोलले नसते. "त्या मोरपिशी साड्या मी कातरल्या. लाल टाके मी घातले. कमल नाही, तिचा नवरा नाही. आमच्यात तसं करतात." आणि मग रीत सांगितली, बाळंतपणाची, गठ्ठ्याची, पाळीची. माझा आवाज मला परक्या बाईचा वाटत होता.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "आणि हे तू कातरलंस कशावरून?"

साड्या कोपऱ्यात पडल्या होत्या. चौकीतलीच एक कातर टेबलावर होती, कागद कापायची, बोथट. मी साडी घेतली, फरशीवर बसले, आणि शेवटच्या कोयऱ्यांमध्ये नजरेतून सुटलेले चार धागे डाव्या हातानं कातरून दाखवले. "उजव्या हाताची टोकं एका अंगाला झुकतात. माझी दुसऱ्या अंगाला. कमल उजवी आहे. कारखान्यातल्या काकांना विचारा."

काय वाटलं कोण जाणे, साहेबांनी माणूस पाठवला. रसिककाका टोपी हातात घेऊन आले, घामानं भिजलेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. साडी उचलली, डोळे मिटले, आणि उलटी बाजू गालावरून फिरवली, वरून खाली, मग खालून वर. माल परत घेताना ते तसंच करायचे. आम्ही त्यांना पाठीमागे हसायचो.

"आ डाबा हाथनुं काम छे," ते म्हणाले. "आ बेननुं. अने माल अमारो छे, साहेब. चोरीनो नथी."

"हे तीन दिवस कुठं होतास?" साहेबांनी विचारलं.

काका साडीची घडी घालू लागले.

भिकाला आतून आणलं. सोडताना सहीसुद्धा घेतली नाही, वहीत नावच नव्हतं ना. एक मोरपिशी साडी टेबलाच्या खणातच राहिली. तीही कुणी मागितली नाही. भिका भिंत धरून चालत होता. तळवे सुजले होते आणि डाव्या कानातून मानेपर्यंत सुकलेल्या रक्ताची रेघ होती. मी म्हणाले, "मुलगी झाली." त्यानं मान दुसरीकडे वळवून उजवा कान पुढे केला. मी पुन्हा म्हणाले. तेव्हा तो तिथंच पायरीवर खाली बसला.

बाहेर काका लुनाला किक मारता मारता मला म्हणाले, "बेन, मने पेलेथी खबर हती. एक महिनो कोई नळ पर रहे?" पुढेही कुणाचाच गठ्ठा बंद झाला नाही. माझा हात काकांच्या गालाला कळतो, याचा त्या दिवशीसुद्धा मला अभिमान वाटला. तो वाटायला नको होता, पण वाटला.

नंतर कमलकडून थोडं थोडं कळलं. पहिले दोन दिवस भिकाला नुसतं बसवून ठेवलं होतं. मारलं ते मी दुसऱ्यांदा झाडाखालून उठून आले त्या संध्याकाळी. कानाचा पडदा फाटला. त्यानंतर लूमच्या खटखटीत त्याला चक्कर यायची, उभं राहता येईना. त्यांनी चाळ सोडली. सुरतेबाहेर कामरेजकडे एका रोपवाटिकेत त्याला काम मिळालं.

मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. तिथं लूमचा आवाज नाही. काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं, लांबपर्यंत, हिरवी सावली, मातीचा ओला वास. कमल आत चहा ठेवत होती. भिका झारीनं रोपांना पाणी घालत होता, मी त्याच्याबरोबर ओळीतून चालत होते. तिथं मला वाटलं की इथं सांगता येईल. मी सांगितलं. की मी दोन दिवस बाहेर बसले होते. की पहिल्याच दिवशी आत आले असते तर तुमचा कान वाचला असता.

तो पुढच्या रोपाला पाणी घालत राहिला. मग मला कळलं की मी त्याच्या डाव्या बाजूनं चालत होते.

मी वळसा घालून उजव्या बाजूला आले. दुसऱ्यांदा एवढं लांब बोलता आलं नाही. "मी बाहेर बसले होते," एवढंच म्हणाले.

त्यानं झारी खाली ठेवली.

"ठाऊक आहे, वहिनी," तो म्हणाला. रागानं नाही. "त्या खोलीला वर जाळी होती. बाकावर उभं राहिलं की झाड दिसायचं. तुम्ही दिसलात तेव्हा वाटलं, सुटलो. आता आत येतील. दुसऱ्या दिवशीही बघत होतो. तुम्ही पिशवी झटकून उठलात ना, तेव्हा मी हाक मारली जाळीतून. पण रस्त्यावर गाड्या होत्या. तुम्हाला कुठून ऐकू येणार?"

आतून कमलनं चहाला बोलावलं. तो झारी घेऊन निघाला, मी मागून.

ती हाक मला ऐकू आली होती. रस्त्यावर कुणीही कुणालाही वहिनी म्हणतं, असं स्वतःला सांगत मी चालत राहिले होते. हे मी त्याला सांगितलं नाही, कमललाही नाही. इथं लिहिलं.